मूल कोणाजवळ राहावें?

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यांत सकाळीं अकराच्या सुमारास कोणी जाऊन उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दिसतें. बांकाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाप, मध्यें दोन्हीकडचे वकील, आणि या सर्वांपासून थोडें दूर, गळ्यांत पाण्याची बाटली अडकवून उभें असलेलें सहा-सात वर्षांचें मूल. पुकारा होतो तो आई-बापांच्या नांवांचा. मुलाचें नांव अर्जाच्या एखाद्या परिच्छेदांत आलेलें असतें, एवढेंच. आणि तरीहि त्या दिवशीं जें कांहीं ठरावयाचें तें सारें त्याच्याविषयींच असतें.

व्यवहारांत आपण या वादाला 'मुलाच्या ताब्याचा वाद' म्हणतों. हा शब्दच आपली दिशाभूल करतो. ताबा घराचा असतो, शेताचा असतो, दुकानाच्या गाळ्याचा असतो. जो शब्द स्थावर मिळकतीला लावावयाचा तो मुलाला लावला म्हणजे मनांतहि मालकीचीच भावना उभी राहते, आणि मग 'माझें मूल मला मिळालें पाहिजे' असें वाक्य तोंडांतून निघतें. मूल ही आई-बापांची मालमत्ता नव्हे आणि त्यांचें खेळणेंहि नव्हे, या आशयाचा इशारा सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालींच देऊन ठेवला आहे. न्यायालयापुढें प्रश्न 'मूल कोणाचें?' हा नसतोच. 'मुलाचें हित कोठें आहे?' हा असतो. ज्या पक्षाला हा फरक कळला त्याची निम्मी तयारी झाली असें समजावें. ज्याला तो कळला नाहीं त्याचे कागद कितीहि जाड असले तरी ते बाजूलाच पडतात.

कायदा काय म्हणतो तें प्रथम थोडक्यांत पाहूं. या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १८९० सालचा पालक व पाल्य अधिनियम. तो सर्व धर्मीयांस लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमानें न्यायालयाला सांगितलें आहे कीं, मुलाचें वय, लिंग व धर्म, पालक होऊं इच्छिणाऱ्याचें शील व पात्रता, त्याचें मुलाशीं असलेलें नातें व पूर्वीचा संबंध, आणि मृत आई-बापांनीं कांहीं इच्छा व्यक्त केली असल्यास ती, या सर्वांचा विचार करावा. आणि मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतकें मोठें असेल तर तीहि लक्षांत घ्यावी. त्यानंतर १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आला. त्याच्या ६ व्या कलमांत नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बाप व 'त्याच्यानंतर' आई असा क्रम दिला आहे. परंतु लेखिका गीता हरिहरन यांनीं रिझर्व्ह बँकेविरुद्ध चालविलेल्या प्रकरणांत १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' एवढा संकुचित न घेतां 'त्याच्या अभावीं' असा लावला. म्हणजे बाप हयात असूनहि मुलाची काळजी प्रत्यक्षांत आईच वाहत असेल, तर तीहि नैसर्गिक पालक ठरूं शकते. याच कायद्याच्या १३ व्या कलमानें मुलाचें हित हें सर्वांवर ठेवलें आहे. शिवाय घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदु विवाह अधिनियमाच्या २६ व्या कलमाखालीं त्याच दाव्यांत मुलांविषयींचा आदेश मागतां येतो.

लोकांत या बाबतींत तीन समजुती फार रूढ आहेत. पहिली अशी कीं, पांच वर्षांखालील मूल आईलाच मिळतें आणि पांच वर्षें पुरीं झालीं कीं तें आपोआप बापाकडे जातें. यांतला पूर्वार्ध बराचसा खरा आहे. मात्र कायद्यांत 'सामान्यतः' असा शब्द आहे, त्याला अपवाद असूं शकतो. उत्तरार्ध मात्र साफ खोटा आहे. पांचवा वाढदिवस झाला म्हणून मुलाची गरज बदलत नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, ज्याचा पगार मोठा त्याचा दावा बळकट. पैशाची उणीव ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडून निर्वाहखर्चाच्या आदेशानें भरून काढतां येते; मायेची व वेळेची उणीव कोणत्याहि आदेशानें भरून निघत नाहीं. तिसरी समजूत अशी कीं, नवरा किंवा बायको म्हणून जो चुकला तो आई किंवा बाप म्हणूनहि नालायक ठरतो. संसारांत अपुरा पडलेला पुरुष मुलीला रोज रात्रीं गोष्ट सांगून निजविणारा बाप असूं शकतो. त्याच्या दोषाचा मुलावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला हें दाखवितां आलें तरच त्या दोषाला येथें किंमत आहे. मारहाण, व्यसन, मुलासमोर झालेली शिवीगाळ या गोष्टी अर्थातच सांगितल्या पाहिजेत, आणि पुराव्यानिशीं सांगितल्या पाहिजेत.

आतां अर्ज कोठें करावयाचा? पालक व पाल्य अधिनियमाचें ९ वें कलम म्हणतें कीं, मूल सामान्यतः जेथें राहतें तेथील न्यायालयांत. जेथें कौटुंबिक न्यायालय आहे तेथें त्यांत, नसेल तेथें जिल्हा न्यायालयांत. ही बाब कोरडी वाटते. पण तिच्यावरून केवढा दावा फसूं शकतो याचें एक गाजलेलें उदाहरण आहे. जे. कृष्णमूर्ति व त्यांचे बंधु नित्यानंद यांच्या वडिलांनीं १९१० सालीं आपल्या मुलांचें पालकत्व लेखी पत्रानें ॲनी बेझंट यांच्याकडे सोंपविलें. पुढें त्यांचें मन फिरलें आणि १९१२ सालीं त्यांनीं मुलें परत मिळण्यासाठीं चिंगलपट येथील न्यायालयांत दावा लावला. तो मद्रास उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला व तेथें १९१३ सालीं वडिलांच्या बाजूनें निकाल लागला. परंतु १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. मुलें त्या वेळीं इंग्लंडांत शिकत होतीं, चिंगलपटला राहत नव्हतीं, तेव्हां दावाच चुकीच्या ठिकाणीं लागला. आणि शिवाय, ज्या मुलांविषयीं हा सारा वाद त्यांचें म्हणणें कोणीं ऐकूनच घेतलें नव्हतें. पालकत्व ही एक पवित्र विश्वस्तवृत्ति आहे आणि बापानें दिलेली अनुमति त्याला परत घेतां येते, हें वडिलांच्या बाजूचें तत्त्व मान्य होऊनहि त्यांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या या प्रकरणांतले दोन धडे आजहि तितकेच खरे आहेत: ठिकाण तपासा, आणि मुलाला विसरूं नका.

याच ओघांत एक सावधगिरीची सूचना. ठिकाण आपल्या सोयीचें व्हावें म्हणून शाळेच्या दारांतून मुलाला परस्पर उचलून दुसऱ्या गांवीं नेण्याची बुद्धि कित्येकांना होते. यासारखी घातक गोष्ट नाहीं. न्यायालयाला यांत प्रेम दिसत नाहीं, दांडगाई दिसते. आणि मुलाच्या मनांत जी धास्ती बसते ती तर कोणत्याच आदेशानें निघत नाहीं.

आतां तयारीकडे वळूं. एक कल्पित उदाहरण घेऊं, म्हणजे बोलणें हवेंत राहणार नाहीं. आई ठाण्यास राहते व बँकेंत नोकरी करते. बाप पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. मुलगी सात वर्षांची, इयत्ता दुसरींत शिकणारी, गेलें दीड वर्ष आईजवळ आहे. बापाला ती आपल्याजवळ हवी आहे; त्याच्या घरीं त्याचे आई-वडीलहि आहेत.

आईनें अर्जाला उत्तर देतांना 'अर्जदार हे तापट, बेजबाबदार व निष्काळजी आहेत' असें लिहिलें, तर त्यांत न्यायाधीशांना तपासण्यासारखें कांहींच नाहीं. विशेषणें दोन्ही बाजूंना सारखींच फुकट मिळतात. उलट तिनें असें लिहावें: 'मुलगी सकाळीं साडेसहाला उठते. शाळेची बस सव्वासातला येते. दुपारीं ती माझ्या आईकडे जेवते. मी सहाला घरीं येतें, तेव्हांपासून ती माझ्याजवळ असते.' मुलीला ताप आला तेव्हां आपण किती दिवस रजा घेतली, कोणत्या डॉक्टरांकडे नेलें, पालकसभांना कोण हजर राहिलें, हें तारखांनिशीं सांगावें व कागद जोडावेत. माझा सर्व पक्षकारांना आग्रहाचा सल्ला असा कीं, एक साधी वही घालावी आणि मुलाचा दिवस तींत टिपीत जावें. साक्षीच्या दिवशीं, दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आठवण्याची वेळ येते, तेव्हां हीच वही उपयोगी पडते.

बापाजवळ असा रोजचा हिशेब नसेल. त्यानें तो असल्याचा आव आणूं नये. पण दर दुसऱ्या शनिवारीं तो ठाण्यास येतो, गाडीचीं तिकिटें आहेत, शाळेची फी तो भरतो, मुलीला पोहायला त्यानें शिकविलें, पुण्यास आजी-आजोबांजवळ ती सुटींत रमते, हें त्यानें सांगावें. आणि मुलगी पुण्यास आली तर कोणत्या शाळेंत जाईल, तिला शाळेंत कोण पोंचवील, तो कामावर असतांना ती कोणाजवळ असेल, याचा नेमका आराखडा द्यावा. 'मी सर्व व्यवस्था करीन' हें उत्तर नव्हे.

कागदांत जन्मदाखला, शाळेचे प्रगतिपत्रक, लसीकरणाचें पत्रक, औषधोपचाराचे कागद, राहत्या जागेचा पुरावा, नोकरीच्या वेळा व उत्पन्न दाखविणारे दाखले हे प्रमुख होत. हल्लीं भ्रमणध्वनीवरील संदेश व छायाचित्रें यांचाहि भरणा फार असतो. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें. हा कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आला आहे. कौटुंबिक न्यायालयाला अधिनियमाच्या १४ व्या कलमानें पुराव्याच्या नियमांत मोकळीक दिली आहे हें खरें. तथापि मिळण्यासारखें प्रमाणपत्र न देतां त्या मोकळिकीवर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे. शेंकडों संदेश सादर करण्यापेक्षां दहा निवडावेत आणि तेहि मागच्या-पुढच्या संदर्भासह द्यावेत. अर्धवट तोडलेला संदेश उलटतपासांत पुरा वाचून दाखविला जातो, तेव्हां तो सादर करणाऱ्यावरच उलटतो. मुलाला बोलतें करून त्याचा आवाज गुपचूप टिपून घेणें मात्र सर्वथा टाळावें. त्यांत मुलाची साक्ष नसते. त्याला विचारणाऱ्याची असते.

साक्षीदार थोडे पण जाणते असावेत. आजी नातीविषयीं चांगलेंच बोलणार, हें न्यायाधीशांना ठाऊक असतें. वर्गशिक्षिका, नेहमींचे डॉक्टर, शेजारीण, यांना कोणाच्या जयापजयाशीं कर्तव्य नसतें. म्हणून त्यांच्या चार वाक्यांना वजन येतें.

प्रकरण दाखल झालें म्हणजे लगेच साक्षी सुरू होत नाहींत. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४, याच्या ९ व्या कलमाप्रमाणें आधीं समेटाचा प्रयत्न करणें हें न्यायालयाचें कर्तव्य आहे, आणि त्यासाठीं पक्षकारांना समुपदेशकांकडे पाठवितात. कित्येकजण ही एक कटकट समजून तेथें मुकाट्यानें बसतात. तसें करूं नये. मुलाविषयीं निम्मे प्रश्न तेथेंच मिटूं शकतात. मध्यस्थासमोर झालेलें बोलणें सामान्यतः गुप्त राहतें. परंतु मुलाच्या हिताच्या प्रश्नांत समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाला पाहतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें आहे. तेव्हां तेथेंहि खरेंच बोलावें.

अंतिम निकालाला वेळ लागतो आणि मूल तर रोज वाढत असतें. म्हणून मधल्या काळासाठीं अंतरिम आदेश मागावा: मूल तूर्त कोणाजवळ राहील, दुसऱ्यानें त्याला केव्हां व कोठें भेटावें, सुटी कशी वांटावी. हा आदेश तंतोतंत पाळणें हाच पुढील साक्षीचा पाया होय. शनिवारीं पांच वाजतां मूल परत आणावयाचें असेल तर पांच वाजतांच आणावें. भेटीच्या दिवशीं मुलीला नेमका दर वेळीं ताप येऊं लागला, तर न्यायाधीश मुलीच्या प्रकृतीपेक्षां आईच्या हेतूविषयीं अधिक विचार करूं लागतात.

यानंतर न्यायालय वादाचे मुद्दे ठरवितें आणि पुराव्याला आरंभ होतो. सरतपास बहुधा प्रतिज्ञापत्रावर होतो. प्रतिज्ञापत्र अर्जाची नक्कल नसावें. आपण स्वतः पाहिलें, केलें, तेवढेंच त्यांत यावें. या न्यायालयांत वकील देणें हा पक्षकाराचा हक्क नाहीं, त्यासाठीं परवानगी मागावी लागते, हेंहि पुष्कळांस माहीत नसतें. तसेंच, कामकाज बंद दालनांत चालावें अशी विनंति एका पक्षानें केली तरी न्यायालयाला ती मान्य करावी लागते. मुलाची अब्रू जपण्यासाठीं ही सोय आहे, तिचा लाभ घ्यावा.

उलटतपासाची भीति सर्वांनाच वाटते. तिच्यावर उपाय एकच: प्रश्न पुरा ऐकावा आणि तेवढ्याचेंच उत्तर द्यावें. आपल्या उदाहरणांतल्या आईला विचारतील, 'तुम्ही दिवसांतून नऊ तास घराबाहेर असतां ना?' उत्तर 'होय' हेंच आहे. त्या वेळीं मुलगी आजीजवळ असते, हें तिनें आधींच सांगितलें असेल तर त्या 'होय'नें कांहींहि बिघडत नाहीं. तिनें तें लपविलें असेल तर त्याच एका शब्दानें सारी साक्ष डळमळते. बापाला विचारतील, 'वर्गशिक्षिकेचें नांव काय? मुलीला कोणतें औषध सोसत नाहीं? तिची जवळची मैत्रीण कोण?' हीं उत्तरें आदल्या रात्रीं पाठ करून येत नाहींत. रागाच्या भरांत आपण मुलीसमोर ताट भिरकावलें होतें काय, असें विचारलें आणि तें घडलें असेल, तर 'घडलें, चूक झाली, पुन्हां तसें केलें नाहीं' असें सांगणारा मनुष्य सर्व कांहीं नाकारणाऱ्यापेक्षां अधिक विश्वासार्ह ठरतो.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे न्यायाधीश मुलाशीं एकट्यानें बोलतात तो. यासाठीं मुलाची तयारी कशी करावी, असें मला पालक नेहमीं विचारतात. माझें उत्तर असें कीं, ती करूंच नये. 'साहेब विचारतील तें खरें सांग, तूं कांहींहि सांगितलेंस तरी आम्ही रागावणार नाहीं' एवढेंच सांगावें आणि तें मनापासून सांगावें. पढविलेलें मूल लगेच ओळखूं येतें. सात वर्षांच्या तोंडीं सत्तावीस वर्षांचे शब्द येतात. एकानें मुलाचें मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करावें, या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालच्या एका निकालांत घेतली आहे. आणि अशा मुलानें सांगितलेल्या पसंतीला न्यायालय जपूनच किंमत देतें. शिवाय 'आई कीं बाबा?' हा प्रश्न मुलाच्या खांद्यावर टाकणें यासारखी क्रूरता नाहीं. निवड करण्याचें ओझें मोठ्यांनीं वाहावयाचें आहे.

शेवटीं युक्तिवाद. येथें सामान्य वकील प्रतिपक्षाच्या दोषांची उजळणी करतो. जाणता वकील न्यायाधीशांच्या हातीं एक वेळापत्रक देतो: शाळेचे दिवस असे, शनिवार-रविवार असे, दिवाळी एक वर्ष इकडे तर एक वर्ष तिकडे, उन्हाळ्याची सुटी अर्धी-अर्धी, रोज सायंकाळीं अमुक वेळीं दूरध्वनि. ज्याच्याजवळ मूल राहणार नाहीं त्याच्याशींहि मुलाचा भरपूर सहवास राहिला पाहिजे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हां चित्रध्वनीवरून बोलणें व्हावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें आहे. म्हणून जो पक्ष 'मूल माझ्याजवळ असलें तरी त्याचा दुसऱ्याशीं संबंध मी असा राखीन' हें दाखवितो, त्याचीच बाजू बळकट होते. प्रतिपक्षाचा एखादा गुण मोकळ्या मनानें कबूल केल्यानें दावा कमजोर होत नाहीं. उलट बोलणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो.

निकाल लागला म्हणजेहि सारें संपलें असें नाहीं. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर तीस दिवसांच्या आंत उच्च न्यायालयांत अपील करतां येतें. आणि मुलाविषयींचा आदेश कधींच दगडावरची रेघ नसतो. मूल मोठें झालें, परिस्थिति पालटली, तर तो बदलून मागतां येतो. म्हणून जिंकणाऱ्यानें ताठूं नये आणि हरणाऱ्यानें खचूं नये. ज्याला केवळ भेटीचे दिवस मिळाले त्यानें ते दिवस नेमानें पाळावेत. पुढें आदेश बदलून मागण्याची वेळ आली, तर तेच त्याच्या बाजूनें बोलतील.

एक गोष्ट सांगून आजचें भाषण पुरें करतों. आपण न्यायालयांत जें लिहून देतों तें कागदावर राहतें. आज सात वर्षांची असलेली ती मुलगी अकरा वर्षांनीं सज्ञान होईल. कधीं तरी घरच्या कपाटांत तिला त्या अर्जाची प्रत सांपडेल, आणि आपल्या आईनें आपल्या बापाविषयीं व बापानें आईविषयीं काय लिहिलें होतें तें ती वाचील. तेव्हां वकिलाकडे मजकूर सांगावयास बसाल, तेव्हां समोर न्यायाधीश आहेत असें समजूं नका. अठरा वर्षांची तुमची मुलगी बसली आहे असें समजा. तिच्यापुढें वाचून दाखवितां येईल तेवढेंच खरें लिहा. न्यायाधीशांना पटण्यासहि बहुधा तेवढें पुरें होतें.